अगाथेचा पाव कुठे घ्यायचा

हिंटरलान, ७ जानेवारी १९८८

प्रिय आत्याआजी,

नाताळच्या पत्रातल्या चुका आधी दुरुस्त करते. तू शिकवलंस तसं: मागचं नीट केल्याशिवाय पुढचं लिहायचं नाही.

गेल्या वर्षी आजोबा डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीला लटकले होते, असं मी लिहिलं होतं. ते लटकले नव्हते. ते बसले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. डावीकडचा आकडा अडकला असंही लिहिलं होतं, तो उजवीकडचा. तिसरी चूक मोठी आहे. मी लाल बटण दाबून लिफ्ट थांबवली असं लिहिलं होतं. बटण मी दाबलं हे खरं आहे. पण मी दाबलं तेव्हा लिफ्ट थांबलेलीच होती. उतरण्याच्या जागेपलीकडे एक तार बांधलेली असते, ती ओढली गेली की लिफ्ट आपोआप बंद पडते. आजोबांच्या स्कीने ती ओढली गेली. म्हणजे त्यांना तारेने थांबवलं. मी नंतर पोचले.

तू तेव्हा नुकतीच शहरात त्या वृद्धाश्रमात राहायला गेली होतीस आणि नव्या खुर्च्या तू पाहिलेल्या नाहीत, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. जुन्या एकट्या खुर्च्या काढून आता दोघांच्या खुर्च्या लावल्या आहेत. जुन्यांची पाठ कमरेपर्यंतच होती, पाव पाठीवर वाहायची आजोबांची लाकडी चौकट तिच्या वरून मागे निघायची. नव्यांची पाठ खांद्यापर्यंत आहे आणि तिला आडव्या पट्ट्या आहेत. मध्ये फटी. चौकटीचे दोन लोखंडी आकडे त्या फटींच्या बरोबर उंचीला येतात. कुणी मुद्दाम मोजून केलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

पाच फेब्रुवारीला, संत अगाथेच्या दिवशी, पाव नेहमीसारखा चर्चमधून आशीर्वाद घेऊन निघाला. वरच्या चॅपेलच्या दगडावर ठेवेपर्यंत तो खाली टेकत नाही, तसा टेकला नाही. लुकेसर म्हातारा गेल्यापासून स्की चालवू शकणारे सगळ्यात वयस्क पुरुष आजोबाच, म्हणून पाव त्यांच्या पाठीवर. वरच्या टोकाला, बटणापाशी, कामावर मी होते. बँड आधीच वर येऊन उभा होता. आजोबा उठायला गेले, खुर्चीने त्यांना परत बसवलं आणि पुढे नेलं. जमीन संपली. तार ओढली गेली. खाली जाळी होती, पण जाळीच्या पुढे ते मोठं चाक आहे, ज्याला वळसा घालून खुर्च्या परत खाली जातात. चाकापर्यंत अजून थोडंच अंतर होतं. किती ते मी मोजलं, पण लिहीत नाही.

आजोबा ताठ बसून होते. मला म्हणाले, "काय गं, लिफ्ट बिघडली वाटतं?"

मी आकडा सोडवला. बँड वाजला. गावात सगळ्यांनी वारा होता असं ठरवलं. वारा नव्हता.

आता परत फेब्रुवारी येतोय. परत तीच चौकट, तीच खुर्ची, आणि बटणापाशी मीच. या वर्षी तार आणि मी यांच्यात कोण आधी पोचेल, हे मला माहीत नाही. तू इतकी वर्षं पाठीवर टपाल घेऊन याच लिफ्टने वर-खाली केलंस. सॅक कोणती घ्यावी आणि खुर्चीत कशी धरावी, ते सांगशील का? आजोबांसाठी एक घेईन म्हणते.

तुझी
आफ्रा

---

इन्सब्रुक, १२ जानेवारी

प्रिय आफ्रा,

दुरुस्ती माझीही आहे. सिस्टर हिल्ट्रूड मला सॅक ठेवू देत नाही, असं मी लिहिलं होतं. ठेवू देते. पाठीवर घेऊ देत नाही. जेवणघरात सॅक घालून गेले की बाकीच्या म्हाताऱ्यांना वाटतं मी घरी चालले, आणि त्या रडायला लागतात.

आता सॅक. दिसण्यावर जाऊ नकोस, दुकानदार दिसणंच विकतो. खांद्यांपेक्षा रुंद नको. पाठीला चपटी बसली पाहिजे. भरलेली सॅक घालून वाकून बघ, डोक्यावर आली तर परत कर. बाहेरून काही लोंबता कामा नये, ना दोरी, ना पेला. पट्ट्यांची लांब टोकं आत खोचून शिवून टाक. आणि बक्कल हातमोजा घालून उघडून बघ. नुसत्या हाताने तर सगळीच बक्कलं उघडतात.

लिफ्टला आलीस की रांगेतच छातीचं आणि कमरेचं बक्कल सोडायचं. खुर्ची मागून येऊन गुडघ्याला लागल्यावर नव्हे. सॅक पाठीवरून काढून पोटाशी घ्यायची, बसल्यावर मांडीवर, आणि एक पट्टा मनगटात अडकवायचा. पाठीवर ठेवलीस तर तू खुर्चीच्या टोकावर बसतेस आणि सॅक खुर्चीत आरामात बसते. शिवाय ती कशाला तरी अडकते. वर गेल्यावरही उतरून, बाजूला होऊन, मग पाठीवर.

मनगटात अडकवायचं हे मी एकदा विसरले. टपाल दरीत गेलं. त्यात लुकेसरने एका मुलीला घातलेलं लग्नाचं मागणं होतं. ते वसंतात बर्फ वितळल्यावर सापडलं, तोवर ती दुसऱ्याकडे नांदायला गेली होती. लुकेसरने मरेपर्यंत मला "या टपालबाई" एवढंच म्हटलं.

तुझ्या आजोबाला, रोमेडला, वजन झेपत नसेल तर पाव लहान करा. अगाथा काही वजनकाटा घेऊन बसलेली नाही.

नोटबुर्गा

---

हिंटरलान, १९ जानेवारी

प्रिय आत्याआजी,

मागच्या पत्रात दुरुस्त करण्यासारखं मला काही सापडलं नाही, म्हणून दोनदा वाचलं. एक सापडलं. खुर्चीची पाठ खांद्यापर्यंत आहे असं लिहिलं, ती माझ्या खांद्यापर्यंत. आजोबांच्या काखेपर्यंत.

अडचण वजनाची नाही. पाव त्यांना जड होत नाही, तो पाठीवर आहे हीच अडचण आहे. मी नीट लिहिलं नसणार.

शनिवारी खालच्या गावातल्या दुकानात गेले. अंदाज चुकायला नको म्हणून घरून एक काळा पाव नेला होता, अगाथेच्या पावाएवढा. सॅकमध्ये घालून बघत होते तर विक्रेता जवळ आला.

"बाई, आम्ही सॅक विकतो. पाव नाही विकत."

"पाव माझा आहे."

"ते दिसतंय. तो आमच्या सॅकमध्ये कशाला?"

"त्याला न्यायचंय."

त्याने मला एक मोठी सॅक दाखवली. तिला बाहेरून इतके पट्टे होते की पहिला कुठला धरायचा कळेना. म्हणाला, सगळे गिर्यारोहक हीच घेतात. मी विचारलं, ते खुर्चीच्या लिफ्टने जातात का? तो म्हणाला, गिर्यारोहक चालत जातात. मग मी हातमोजे घालून एकेक बक्कल उघडायला लागले. दुकानातली सगळी बक्कलं झाली तेव्हा तोही हातमोजे घालून माझ्या शेजारी उभा होता. शेवटी एक करडी, चपटी, लहान पट्ट्यांची मिळाली. पाव बसतो. पट्ट्यांची टोकं मी रात्री शिवली.

आजोबा गोठ्यातून आले तेव्हा ती टेबलावर होती.

"हे काय?"

"सॅक."

"कुणाची?"

"तुमची, आजोबा."

"माझं शाळेत नाव घातलंस?"

मी तू लिहिलेलं सगळं सांगितलं. आधी बक्कल सोडायचं, मग पुढे घ्यायची, मांडीवर ठेवायची. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं पटतंय.

"पुढे? पोटाशी?" ते म्हणाले. "बाळंतीण आहे का मी?"

"पण आजोबा, आकडा..."

"अगाथेचा पाव पाठीवरून जातो. तीनशे वर्षं गेला. एकदा एकाने वाटेत उतरवून ठेवला आणि दारू प्यायला बसला, त्या वर्षी डोंगरावरून कोसळलेल्या बर्फाने चार गोठे नेले. माणसांसकट."

"मी उतरवायला कुठे सांगते? खाली ठेवायचाच नाही. नुसता पुढे घ्यायचा."

"पाठीवरून निघाला म्हणजे उतरलाच."

मग त्यांनी सॅक हातात घेतली, बक्कल उघडलं, लावलं, परत उघडलं. "बक्कल चांगलं आहे," म्हणाले आणि ती दाराशी खुंटीला लावली. आता तिच्यात चिमटे आणि सुतळी आहे.

तुझी
आफ्रा

*(पेन्सिलीने)* चार नाही, तीन गोठे. चौथा आगीत गेला. रोमेड.

ता. क. पत्र टेबलावर राहिलं होतं.

---

हिंटरलान, २३ जानेवारी

प्रिय आत्याआजी,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहिते आहे. गोठे तीन.

काल दुपारी एक पाहुणा वर आला. माझ्याहून थोडा मोठा असेल. मोठी लाल सॅक, पाठीवर, छातीचं बक्कल लावलेलं, खाली पट्टे लोंबत. तो उठला. खुर्ची वळली आणि पट्टा तिच्या पाठीच्या फटीत गेला. तो खुर्चीमागोमाग थोडं उलटं चालला. मग चालायला जमीन उरली नाही.

हा लटकला. आता मला दोन्हीतला फरक माहीत आहे.

या वेळी बटण मी दाबलं, तार ओढली जायच्या आधी. तो जाळीवर लोंबत होता आणि छातीचा पट्टा सरकून गळ्यापर्यंत वर आला होता. दोन पाहुण्यांनी त्याचे पाय धरून त्याला वर उचललं. मी बक्कल उघडायला गेले, ते हातमोज्याने उघडेना. मी दातांनी हातमोजा ओढून काढला. मग उघडलं. त्याचं खांद्याचं हाड मोडलं आहे. तो सारखा माझी माफी मागत होता. मी म्हटलं, काही हरकत नाही.

आज सकाळी कासियानने, म्हणजे लिफ्टच्या मुख्याने, खाली पाटी लावली: सॅक पुढे घ्या. मी त्याच्याकडे गेले.

"मग आजोबाही पुढे घेणार ना?"

"पाटी पाहुण्यांसाठी आहे."

"खुर्चीला कसं कळणार पाहुणा कोण ते?"

"आफ्रा, ही लिफ्ट उभी राहिली तेव्हा तुझ्या आजोबांनी खांब वाहिलेत. मी जाऊन त्यांना सांगू, बँडसमोर, पाव पोटाशी धरा म्हणून?"

"मी सांगते."

"सांग की. आणि त्यानंतर बर्फ खाली आलं तर? मग सांगायला तू कुठे असशील?"

आत्याआजी, हे मी फक्त तुलाच लिहिते. मला चाकाची भीती वाटते, आणि बर्फाचीही वाटते. पाव पुढे घेतल्यामुळे बर्फ येत नाही, हे मला माहीत आहे. पण वरच्या उतारावर यंदा बर्फ फार साचलं आहे आणि मी रोज त्याच्याकडे बघत असते. ते आलं तर लोक माझ्याकडे बघतील. मीही माझ्याकडे बघेन.

काय करू?

आफ्रा

---

इन्सब्रुक, २७ जानेवारी

प्रिय आफ्रा,

आधी दुरुस्ती. ही फार जुनी आहे, आणि ती कुठल्या पत्रातली नाही.

पाव तीनशे वर्षं पाठीवरून गेला, हे रोमेड सांगतो, गाव सांगतं आणि मीही तुला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवलं. ते चूक आहे. एक वर्ष गेला नाही.

१९१७ सालचा फेब्रुवारी. आमचे वडील फौजेत, गावातले धडधाकट पुरुष सगळे फौजेत. उरला होता चर्चचा म्हातारा घंटावाला. त्याचा पाय इतका सुजला होता की शेवटच्या घरापर्यंत पाव आणला तेव्हा तो भिंतीला टेकला आणि पुढे हलेना. शेवटचं घर आपलं. त्याने पाव खाली ठेवला नाही. आईच्या हातात दिला.

आईच्या पाठीवर चौकट आधीच होती. तीच चौकट, जी रोमेड आजही घेतो. तिच्यात गवत घालून, वरून दोरीने बांधून बसवला होता रोमेडला. तेव्हा तो आठ महिन्यांचा. त्याला खोकला होता, घरात दुसरं कोणी मोठं नव्हतं आणि माझ्यावर सोपवायला मी सात वर्षांची. म्हणून आईने पाव शालीत घेऊन पोटाशी बांधला, शालीची गाठ मानेमागे मारली, आणि निघाली. लिफ्ट कुठली तेव्हा. मी तिच्या पावलांच्या खड्ड्यांत पाय टाकत मागे. माझं काम एवढंच, बाळाची टोपी पडतेय का बघायचं. तपकिरी टोपी, एका कानाचा बंद तुटलेला.

पाव चॅपेलच्या दगडावर पोचला. वाटेत कुठे टेकला नाही. खाली आल्यावर घंटावाल्याने गावाला सांगितलं, "पोचला." ते खरंच होतं. कुणी नेला, हे कुणी विचारलं नाही. बायका कुठे जाऊन आल्या, हे त्या काळी कुणी विचारायचं नाही. पुढे लोक म्हणायला लागले की त्या वर्षीही घंटावाल्यानेच नेला. आई काही बोलली नाही, तोही बोलला नाही. मलाही कुणी विचारलं नाही. आता तू विचारलंस.

त्या वर्षी आपल्या खोऱ्यात बर्फ खाली आलं नाही. पुढच्या वर्षी आलं, आणि तेव्हा पाव पाठीवरून गेला होता. यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मी तुला शिकवलं आहे. पण रोमेडला शिकवलेलं नाही. त्याला खुशाल सांग.

आणि हेही सांग: त्या वर्षी पाठीवर पाव नव्हता. तू होतास.

नोटबुर्गा

---

हिंटरलान, ३१ जानेवारी

प्रिय आत्याआजी,

दुरुस्ती: मागच्या पत्रात त्या पाहुण्याचं खांद्याचं हाड मोडलं असं लिहिलं, ते गळ्याच्या बाजूचं हाड आहे. त्याचं पत्र आलं. त्यातही माफीच आहे.

तुझं पत्र आजोबांना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ते मध्येच उठून जातील, म्हणून ते स्कींना मेण लावत असताना वाचलं. मेण गरम असतं, सोडून जाता येत नाही. आई चुलीपाशी होती, तीही थांबली.

ते मेण लावत राहिले. पत्र संपलं तरी लावत राहिले.

"ती सात वर्षांची होती," ते म्हणाले.

"हो."

"सात वर्षांच्या पोरीला काय आठवतंय?"

"टोपी आठवते. बंद तुटलेला."

"बंद तुटलेला नव्हता." त्यांनी दुसरी स्की घेतली. "तुटला असेल. नंतर आईने निळ्या लोकरीचा लावला होता. एक बंद तपकिरी, एक निळा. ती टोपी मी पुढे कोंबडीच्या पिलांना द्यायचो बसायला."

आई म्हणाली, "मामंजी, मग ते खरंच असेल."

"मी काय खोटं म्हटलं? पण ते युद्ध होतं. युद्धात चालतं."

"लिफ्ट नव्हती तेव्हा," मी म्हटलं. "लिफ्टवर पाठीवरूनच न्यायचा, असं कुणी कधी ठरवलं? चालत जाणाऱ्यासाठी पाठ सोयीची, म्हणून पाठीवर. खुर्ची आल्यावर कुणी विचारच केला नाही."

"विचार करायला तू आहेस ना."

हे कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही. तुला कळलं तर लिही.

मग आईने बटाटे उकडायला ठेवले. आजोबा उठून हात पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बुर्गलला विचार, मी रडत होतो का." तुला ते अजून बुर्गलच म्हणतात.

पाव कसा नेणार ते मी विचारलं, तर गोठ्यात गेले. गोठ्यात तेव्हा काही काम नव्हतं.

तुझी
आफ्रा

---

इन्सब्रुक, २ फेब्रुवारी

प्रिय आफ्रा,

बंद निळा होता, बरोबर. मीच विसरले.

रोमेडला सांग, रडला नाहीस. एकदा जागा झालास, आईच्या मानेमागची गाठ तोंडात धरून चोखत बसलास आणि परत झोपलास. ती गाठ शालीची होती, जिच्यात पुढे पाव होता. म्हणजे शालीच्या एका टोकाला पाव आणि दुसऱ्या टोकाला तू. आईला मध्ये मान सरळ ठेवून चालावं लागलं. घरी आल्यावर दोन दिवस तिला मागे वळून बघता येत नव्हतं.

तो "विचार करायला तू आहेस ना" म्हणाला, तो टोमणा होता. तो मनापासून म्हणतो तेव्हाही टोमणाच असतो.

आता तुझं. तू मला पत्रं लिहितेस, सॅक आणतेस, कासियानकडे जातेस, माझी गोष्ट वाचून दाखवतेस. हे सगळं यासाठी की कुणीतरी दुसऱ्याने रोमेडला थांबवावं. मी इथे आहे, माझी सॅकसुद्धा सिस्टर हिल्ट्रूडच्या कपाटावर. आई वारल्याला चाळीस वर्षं झाली. कासियानला बँड ऐकायचा आहे. तार काय, तार तिला ओढल्यावरच थांबवते.

बटण कुणाच्या हाताशी आहे?

आणि बटण वर का? वर पोचेपर्यंत आकडा अडकलेला असतो. खालीही एक बटण आहेच ना?

नोटबुर्गा

---

हिंटरलान, ३ फेब्रुवारी

प्रिय आत्याआजी,

तुझं पत्र आज आलं. दुरुस्ती तूच केलीस: बटण खाली हवं. गेलं वर्षभर मी वरच्या बटणाचाच विचार करत होते. माणूस जिथे उभा असतो तिथलंच त्याला दिसतं, असं दिसतंय.

दुपारी विगिलकडे गेले. खालचं टोक तो बघतो.

"शुक्रवारी जागा बदलतोस का?"

"का? वर थंडी वाजते?"

"मला खाली थांबायचंय. आजोबा पाव घेऊन येतील तेव्हा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंडातला पाईप काढला, मग परत घातला. "बँड वाजत असताना लिफ्ट बंद करणार आहेस तू."

"पाव पाठीवर असेल तर."

"तुला या गावात राहायचंय ना अजून?"

"हो."

"लग्नबिग्न?"

"विगिल."

"बरं, बरं. मग एक ऐक. बटण दाबलंस की हात काढू नकोस. काढलास की कासियान येऊन चालू करेल. तो चालू करायला आला की वरच्या फोनवर माझ्या नावाने ओरड, मी वरूनही बंद करतो. दोन्हीकडून बंद असली की एकाला चालू करता येत नाही." मग म्हणाला, "आणि माझा रविवार तू करायचास."

आजोबांना तुझं उत्तर सांगितलं. रडत नव्हते हे ऐकून त्यांनी मान हलवली, जणू त्यांना वाटलंच होतं. गाठीचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "लोकरीची चव असते तोंडात. मेंढीची." मी विचारलं, आठवतं? म्हणाले, आठ महिन्यांच्या पोराला काय आठवणार. आणि झोपायला गेले.

मग मी ठरवलं ते इथे लिहिते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. मी खालच्या टोकाला उभी असेन. करडी सॅक माझ्या खांद्यावर असेल, चिमटे आणि सुतळी काढून. आजोबा चौकट पाठीवर घेऊन रांगेच्या तोंडाशी आले की मी लाल बटण दाबेन आणि हात ठेवून राहीन. बँडला काय वाटेल ते वाटो. मग त्यांना सांगेन की पाव खाली ठेवू नका, माझ्या हातात द्या, जसा घंटावाल्याने पणजीला दिला. मी तो सॅकमध्ये घालेन आणि सॅक त्यांच्या पोटाशी अडकवेन. चौकट मी माझ्या मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसेन, खुर्ची दोघांची आहे. खालचं बटण तेव्हा आईजवळ असेल. तिला मी ते दाखवून आणलं, ती म्हणाली, एवढंच?

ते नाही म्हणाले, तर लिफ्ट बंद राहील. दिवसभर राहिली तरी.

बर्फ अजून वरच आहे. मी आजही बघितलं.

शुक्रवार, पाच फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजता.

आफ्रा

---

४ फेब्रुवारी, सकाळी

कालचं पत्र मी रात्रभर टेबलावर उघडं ठेवलं. या वेळी ते राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं.

सकाळी बघितलं. आजोबांना जे पटत नाही ते पेन्सिलीने खोडतात, तुला माहीतच आहे. बटण खोडलेलं नाही. पोटाशी खोडलेलं नाही. आईच्या "एवढंच?" या शब्दाखाली एक रेघ आहे, ती बहुतेक हसू आल्याची. फक्त शेवटच्या ओळीतले "नऊ" खोडून वर लिहिलं आहे: "पावणेदहा. प्रवचन लांबतं."

दाराशी खुंटीवर सॅक आहे. चिमटे आणि सुतळी खिडकीत काढून ठेवली आहेत. मी काढलेली नाहीत.

आईने काढली असतील. तिला मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

म्हणून दुरुस्ती, आत्याआजी: शुक्रवार, पाच फेब्रुवारी, सकाळी पावणेदहा.